नफ्याचे दप्तर आणि तोट्याचे धनी : सुरतेच्या संदर्भात दोन मंदींचा इतिहास (१८६५ व २००८)

मराठी वाचकाला सुरत शहर साधारणपणे दोन प्रसंगांमुळे माहीत असते. जानेवारी १६६४ व ऑक्टोबर १६७० मधील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या हा पहिला प्रसंग, आणि जहाल व मवाळ यांच्यात उघड फूट पडलेले डिसेंबर १९०७ चे काँग्रेस अधिवेशन हा दुसरा. पदवीच्या वर्गात आपण शिकवतो तीही बहुधा याच दोन जागी थांबणारी सुरत. परंतु या शहराचा आणखी एक इतिहास आहे. लंडन, लिव्हरपूल, अँटवर्प किंवा न्यूयॉर्क येथे कोणीतरी नफ्याच्या हव्यासाने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम येथल्या कारागिराच्या चुलीपर्यंत कसा पोहोचला, याचा तो इतिहास आहे. प्रस्तुत लेखात १८६५ ची कापसाची मंदी आणि २००८ ची हिऱ्यांची मंदी असे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले आहेत. दोन्ही वेळी नफा कोणाला झाला याची नोंद तपशीलवार सापडते. तोटा शेवटी कोणी सोसला, हे शोधताना मात्र कागद संपतात. या लेखाचा रोख त्या संपलेल्या कागदांवर आहे.

सतराव्या शतकातील सुरत हे मुघल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. हजला जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत, म्हणून तिला मक्केचे द्वार म्हणत. १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराय त्याच काळातील. पुढे याच वास्तूत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले जहाज १६०८ मध्ये सुरतेला लागले आणि काही वर्षांतच तिची वखार येथे सुरू झाली. १७५९ मध्ये कंपनीने सुरतेचा किल्ला घेतला, तर १८०० मध्ये नबाबाकडून शहराचा संपूर्ण कारभार आपल्या हाती घेतला.

कंपनी म्हणजे भागधारकांची संस्था, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगतो खरी, पण तिचा अर्थ पुरेसा उलगडून दाखवत नाही. सुरतेत मोठे व्यापारी पूर्वीही होते. सतराव्या शतकात वीरजी व्होरा होता, तर १७१८ मध्ये मरण पावलेला मुल्ला अब्दुल गफूर स्वतःच्या जहाजांच्या ताफ्यावर लाल समुद्राचा व्यापार करीत असे. हे लोक उदार होते असे समजण्याचे कारण नाही. पण ते शहरातच राहत. विणकराला त्यांचा वाडा ठाऊक असे, तक्रार कोणाच्या दारात न्यायची हेही ठाऊक असे. कंपनीचा मालक मात्र लंडनच्या लाभांशात होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने विणकरांना दादनी, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन बांधून घेतले, आणि आपला माल पुरा होईपर्यंत इतरांना कापड विकू नये असा दंडक घातला. पोर्तुगीज किंवा अरब व्यापारी अधिक भाव देत असतानाही विणकराला कंपनीच्या दरानेच कापड द्यावे लागे. लंडनमध्ये दहा टक्के लाभांश वाटला जावा यासाठी सुरतेच्या माणसाने आपल्याच मागावरचे कापड स्वस्तात घालवायचे, अशी ही व्यवस्था होती. पुढच्या दोन्ही प्रसंगांचा साचा येथे तयार झालेला दिसतो.

कापूस, शेअर आणि ‘सुरत’ नावाची शिवी

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. त्यापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलाम मजुरांच्या मळ्यांतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि हा पुरवठा आटला. लँकेशायरमधील गिरण्या धडाधड बंद पडू लागल्या. डिसेंबर १८६२ मध्ये तेथे पाच लाखांच्या आसपास माणसे मदतनिधीवर जगत होती. इंग्रजी इतिहासात या काळाला कापसाचा दुष्काळ म्हणतात.

मग गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात नाव होते ‘सुरत’. वास्तविक त्या वेळी सुरतेचे बंदर गाळाने भरत आले होते आणि बहुतेक कापूस मुंबईहून चढत होता. खानदेश, वऱ्हाड, भडोच, काठेवाड असा कोठलाही माल असो, विकला जाई तो जुन्या बंदराच्या नावाने. हा कापूस आखूड धाग्याचा, त्यात काडीकचरा फार, आणि अमेरिकन धाग्यासाठी बनवलेल्या यंत्रांवर तो वारंवार तुटे. मजुरी कामाच्या मापावर मिळत असल्यामुळे धागा तुटला की कामगाराची कमाईही तुटे. दिवसभर राबून पूर्वीच्या निम्म्यापर्यंतही मजुरी पडेना, तेव्हा ‘सुरत’ हा शब्दच तेथे निकृष्ट, भेसळीच्या मालासाठी रूढ झाला. मँचेस्टरजवळच्या एका बिअर बनवणाऱ्या व्यवसायाला कोणी ‘सुरत’ म्हटले, म्हणून त्या मालकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावल्याची नोंद आहे. हजारो मैलांवरच्या, कधीही न पाहिलेल्या शहराचे नाव उपाशी माणसाच्या तोंडी शिवीसारखे यावे, आणि त्या शहराच्या विणकराला याचा पत्ताही नसावा, ही इतिहासातील एक विलक्षण गोष्ट आहे. या दोघांची गाठ पडली असती तर कदाचित भांडण झाले नसते. दोघेही एकाच भाववाढीने पिळले जात होते. कापूस निर्यातीकडे वळल्यामुळे हातमागवाल्याला सूत महाग मिळू लागले होते.

या भाववाढीचा नफा गेला कोठे? त्या काळच्या अंदाजानुसार युद्धाच्या वर्षांत मुंबईकडे नेहमीच्या किमतीपेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक जादा रक्कम आली. पैसा आला तसा तो गुंतवण्याची घाई झाली. १८६५ च्या सुरुवातीस मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन व जमीन मिळवण्यासाठी निघालेल्या ८ कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर अनेक पटींनी वर गेला. या उलाढालीचा मध्यबिंदू होता प्रेमचंद रायचंद. त्यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेतच झाला होता. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईस आलेल्या या बुद्धिमान दलालाच्या शब्दावर शेअरचे भाव ठरत. १८६३ च्या नव्या कायद्यान्वये बँक ऑफ बॉम्बेवरील काही जुने निर्बंध सैल झाले. पूर्वी ही बँक शेअर तारण ठेवून कर्ज देऊ शकत नव्हती, आता देऊ लागली. म्हणजे भाव चढला म्हणून कर्ज आणि कर्ज मिळाले म्हणून पुन्हा भाव चढला, असे हे चक्र होते. सरकार स्वतः या बँकेचे भागधारक होते, त्यामुळे लोकांचा विश्वास दुणावला.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात येणार, ही वार्ता मुंबईला पोहोचताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही मुदतीच्या सौद्यांची देणीघेणी चुकती करण्याची तारीख होती. त्या दिवशी कोण कोणाला किती देणे लागतो याचा हिशेब उघड झाला आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वानही या सट्ट्यात आपली मिळकत गमावून बसला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि कोणाला कोणत्या तारणावर किती कर्ज दिले, हे त्यापुढे तपशिलाने मांडले गेले. दिवाळखोरांची देणी मिटवण्यासाठी १८६५ मध्येच खास कायदा झाला होता. प्रेमचंदही बुडाले, पुढे सावरले आणि १९०६ पर्यंत जगले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. मुंबई विद्यापीठाशी संबंध असलेल्या आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेच्या दिवसांत त्याचे घड्याळ पाहिले असेल. दातृत्व खरे होते, यात शंका नाही. ते कोणत्या पैशातून आले हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

सट्टेवाल्यांसाठी कायदा झाला, आयोग झाला, साक्षी झाल्या. लँकेशायरच्या कामगारांसाठी मदत समित्या झाल्या, १८६३ मध्ये सार्वजनिक कामांचा कायदा झाला, आठवड्यागणिक मदत घेणाऱ्यांची मोजदाद झाली. जळगाव हे युद्धाच्या वर्षांत कापसाची मोठी पेठ बनले आणि १८६५ च्या उतारात तिला जबर फटका बसला, एवढे गॅझेटियर सांगते. पण तेथे गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे, हमालाचे, किंवा सुरतेच्या मागवाल्याचे काय झाले, हे मोजण्यासाठी कोणतीही समिती बसली नाही. १८७२ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ७ हजार भरली, त्यापैकी किती घरांत माग थांबले होते याचा रकाना तिच्यात नाही.

१८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, १२ मे रोजी सुप्यापासून त्यांची सुरुवात झाली. क्रमिक पुस्तके त्यांचा संबंध थेट कापसाच्या मंदीशी जोडतात. हा संबंध इतका सरळ मानू नये असे मला वाटते. त्या भागात कापसाचे पीक मोठे नव्हते. जमीनमहसुलातील वाढ आणि सावकाराने हात आखडणे ही कारणे जास्त जवळची होती. पण हात का आखडला, याचे एक उत्तर मुंबईच्या बाजारात मिळते. तेजीत सुलभ झालेली पत मंदीत प्रथम शेवटच्या माणसाची बंद होते. या दंग्यांसाठी मात्र आयोग नेमला गेला, कारण दंगा झाला होता. मुकाट्याने उपास काढणाऱ्यांसाठी आयोग नेमला जात नाही.

वराछातील दिवाळीची सुट्टी

आता दुसरा प्रसंग. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत पुन्हा वाढली, ती कृत्रिम धाग्याचे कापड आणि हिरे यांवर. कापडाच्या यंत्रमागांवर ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार यांच्याबरोबर आपले खानदेशी लोक फार मोठ्या संख्येने आले. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत अहिराणी व मराठी सहज कानावर पडते, आणि महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी व उर्दू माध्यमाच्याही शाळा चालवत आली आहे. जळगावचा कापूस सुरतेच्या नावाने विकला जाई, त्याच जळगाव-धुळ्याची माणसे पुढे सुरतेला गेली.

हिऱ्यांच्या कारखान्यांत मात्र मुख्यतः सौराष्ट्रातील, विशेषतः अमरेली व भावनगर जिल्ह्यांतील, दुष्काळाने गाव सोडलेली माणसे आली. वराछा व कतारगाम येथे त्यांची वस्ती, महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार. फिरत्या घंटीवर बसून हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याला तेथे रत्नकलाकार म्हणतात. शब्द मोठा सुंदर आहे. मजुरी मात्र नगावर. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी आठ-नऊ हिरे या शहराच्या हातांतून जातात, असे सांगितले जाते.

या व्यापाराची रचना समजून घेतल्याशिवाय २००८ मध्ये काय झाले ते कळत नाही. कच्चा हिरा डी बिअर्ससारख्या खाण कंपनीकडून घेताना रोख पैसे मोजावे लागत. पैलू पाडलेला हिरा न्यूयॉर्क किंवा हाँगकाँगला विकताना तीन-चार महिन्यांची उधारी द्यावी लागे. खरेदी रोखीची, विक्री उधारीची. मधली पोकळी बँकेच्या कर्जाने आणि एकमेकांवरच्या भरवशाने भरलेली. मोठ्या निर्यातदाराच्या खाली लहान कारखानदार, त्याच्या खाली दहा-वीस घंट्यांचा ठेकेदार, आणि सर्वांत खाली घंटीवरचा माणूस. दागिन्यांच्या हिऱ्यांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका.

त्या अमेरिकेत बँका व गहाण कंपन्यांनी फेडण्याची ऐपत नसलेल्या लोकांना घरासाठी कर्जे दिली. ती कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे केले, त्यांवर उत्तम पतीचा शिक्का मिळवला आणि ते जगभर विकले. प्रत्येक टप्प्यावर दलाली मिळत होती, धोका पुढच्याच्या गळ्यात जात होता. घरांच्या किमती चढत होत्या म्हणून कर्ज मिळत होते आणि कर्ज मिळत होते म्हणून किमती चढत होत्या. बॅकबेच्या शेअरची कथा शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने बँकांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली.

त्याच वर्षी जुलैमध्ये सुरतेचे रत्नकलाकार मजुरीवाढीसाठी रस्त्यावर आले होते आणि मालकांच्या संघटनेने वाढ जाहीरही केली होती. चार महिन्यांत चित्र पालटले. २८ ऑक्टोबरला दिवाळी होती. हिऱ्यांचे कारखाने दिवाळीला काही आठवडे बंद राहतात, कामगार गावी जातात आणि सुट्टी संपली की परततात. त्या वर्षी अनेक कारखान्यांची कुलुपे उघडलीच नाहीत. कोणी काढून टाकल्याची चिठ्ठी दिली नाही, कोणी हिशेब केला नाही. सुट्टी लांबली, एवढेच. नोव्हेंबरच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी कच्च्या हिऱ्यांची आयात महिनाभर थांबवण्याचे ठरवले. बाजारभाव टिकवण्यासाठी तो निर्णय शहाणपणाचा असेलही, परंतु घंटीवर ठेवायला दगडच नाही असा त्याचा अर्थ होता. २००९ च्या सुरुवातीस आफ्रिकेत बोत्स्वानातील खाणीही काही काळ बंद झाल्या. डी बिअर्सचे उत्पादन २००८ मधील सुमारे ४.८ कोटी कॅरेटवरून पुढच्या वर्षी जवळपास निम्म्यावर आले. बोत्स्वानाचा खाणकामगार आणि वराछाचा रत्नकलाकार एकाच वेळी घरी बसले.

किती जणांचे काम गेले? वृत्तपत्रांतील अंदाज लाखांत होते, पण प्रत्येकाचा आकडा निराळा. याचे कारण साधे आहे. बहुतेकांचे नाव कोणत्याही मस्टरवर नव्हते. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीपूर्वी महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन भरपाई म्हणून मिळायला हवे. पण सेवा सिद्ध करण्यास हजेरीपट लागतो. पगारपत्रक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, म्हणून सेवा नाही. सेवा नाही, म्हणून कपातही नाही. ज्याला कधी कामावर घेतलेच नव्हते त्याला काढले कसे म्हणायचे? हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत बिनचूक आहे आणि त्यातच त्याचा क्रूरपणा आहे.

त्या हिवाळ्यात सुरतेच्या वृत्तपत्रांत रत्नकलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येत राहिल्या. कुटुंबे खोल्या सोडून अमरेली-भावनगरकडे परतली. वर्षाच्या मध्यावर मुले शाळेतून काढली गेली. आपण अध्यापक असल्यामुळे ही शेवटची गोष्ट आपल्याला नेमकी कळते. सत्राच्या मध्यात नाव कमी होणारा विद्यार्थी पुन्हा पटावर येतोच असे नाही, आणि दाखल्यावर कारण लिहिले जाते ‘पालकांचे स्थलांतर’. मंदी हा शब्द कोणत्याही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सापडणार नाही.

शासन स्वस्थ बसले होते असे नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ मध्ये ९ टक्क्यांवर असलेला रेपो दर एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. डिसेंबर २००८ च्या केंद्रीय पॅकेजमध्ये श्रमप्रधान निर्यातीच्या कर्जावर व्याजात २ टक्के सवलत मिळाली. गुजरात सरकारने कामगारांना दुसरे काम शिकवण्यासाठी रत्नदीप नावाची योजना काढली. पहिले दोन उपाय ज्यांच्याकडे बँकेचे खाते व कर्जाचे कागद होते त्यांच्यापर्यंत ताबडतोब पोहोचले. तिसरा होता प्रशिक्षणाचा. वीस वर्षे घंटीवर बसलेल्या माणसाला नवे काम शिकेपर्यंतचे भाडे कोणी द्यायचे, हा प्रश्न त्यात उरलाच.

हेही सांगितले पाहिजे की मंदी लवकर ओसरली. २००९ च्या उत्तरार्धात चीनकडून मागणी वाढू लागली आणि कारखानदारच कारागीर मिळत नसल्याची तक्रार करू लागले. गेलेल्यांपैकी अनेक जण भरतकामाच्या यंत्रांवर लागले होते, काही शेतीत राहिले होते, काहींना या धंद्याचा विश्वासच उरला नव्हता. अमेरिकेच्या चौकशी आयोगाने जानेवारी २०११ मध्ये अहवाल देऊन हे संकट टाळता आले असते असा निष्कर्ष काढला. जॅक्सन आयोगाप्रमाणे तेथेही बँकांची दप्तरे उघडली गेली. वराछाची साक्ष तेथे होण्याचे कारण नव्हते.

त्यानंतरची वर्षे थोडक्यात. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतील हमीपत्रांचा घोटाळा उघड झाला. रकमा हजारो कोटींच्या, आरोपी हिऱ्यांचे बडे व्यापारी. बँकांनी संपूर्ण व्यवसायाची पत आवळली, तिचा जाच लहान कारखानदाराला झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेत हिरे बाजाराच्या अतिभव्य इमारतीचे उद्घाटन झाले; तेव्हा मागणी घसरू लागलेली होती. रशियन कच्च्या हिऱ्यांवरील निर्बंध आणि प्रयोगशाळेतील हिऱ्यांची स्वस्ताई यांनी बाजार बसला. ऑगस्ट २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या सुमारे ५० हजार कामगारांना दहा दिवसांची सुट्टी दिली. पुन्हा सुट्टीच. कामगार संघटनेने त्याच वर्षी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लावला, त्याचा घाव पुन्हा याच शहरावर बसला.

२०२५ मध्ये गुजरात सरकारने काम गेलेल्या रत्नकलाकारांच्या मुलांची शाळेची फी भरण्याची योजना जाहीर केली. २००८ मध्ये शाळेतून उठवलेली मुले आठवली की या योजनेचे मोल कळते. तिच्यासाठी अर्जदाराला आपण रत्नकलाकार होतो आणि आपले काम गेले, हे दाखवावे लागे. ज्याच्या नावाची नोंद एकाही कारखान्याच्या दप्तरात नव्हती, त्याला आता ती शोधत त्याच कारखान्याच्या दारात जावे लागले.